एक सूत जास्त

हिंदूच्या मरणात सुताराचे काम नसते. तिरडीला बांबू, सुतळी आणि मडके लागते. रंधा-पटाशी लागत नाही. ख्रिस्ती मंडळींत शवपेटी तरी करावी लागते. त्यामुळे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत उभा जन्म लाकडात घालवूनही गेलेल्या माणसासाठी काही करून देण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. तो आला 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर.

मी पॅटर्नमेकर. वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द नवा वाटेल. पंपाचा सांगाडा असो की इंजिनाची बैठक, बिडात ओतायची वस्तू आम्ही आधी लाकडात करतो. तो नमुना वाळूत दाबून काढून घेतला की त्याची पोकळी राहते, आणि त्या पोकळीत रस ओततात. मौज अशी, की नमुना मापाबरहुकूम करून भागत नाही. निवताना बीड आकसते. म्हणून लाकूड फुटामागे सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठे ठेवायचे. दर खेपेला हिशेब नको म्हणून आमची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटाहून सूतभर लांब! एखादा नवा पोरगा ही पट्टी घेऊन घरचे फडताळ करायला बसला की त्याची फजिती ठरलेली, आणि आम्ही जुनी खोडे पोट धरून हसणार.

माझ्या शेजारच्या बाकावर सव्वीस वर्षे एकच माणूस होता. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी त्याच्या हयातीत कधी कबूल केले नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी महामार्गावर चढले आणि शिरोलीजवळ वाहतूक तुंबली, तेव्हा घरच्या सामानाआधी त्याला काळजी कारखान्यातल्या नमुन्यांची! पुढे 2021 च्या मे महिन्यात तो कोरोनाने गेला. वहिनी स्वतःच तापाने पडलेल्या. मुलाने लांबून हात जोडले, एवढेच. घरात कोणी त्याचे तोंड पाहिले नाही, कोणी पायांना हात लावला नाही.

दसरा झाल्यावर वहिनी आमच्याकडे आल्या. हातात फोटो आणि त्याच्या हत्यारांची पिशवी.

"भावजी, ह्येला चौकट करून द्या. बाजारातली नको."

"बाजारात सोनेरी मिळते की, वहिनी. तासाभरात."

"तिला काय हात लावायचा?" त्या म्हणाल्या.

मी पुढे बोललो नाही.

कारखान्याच्या माळ्यावर त्याने केलेला इंजिनाच्या बैठकीचा एक जुना सागवानी नमुना धूळ खात पडला होता. आता नमुने संगणकावर आखून यंत्राने कापतात, त्याला कोण विचारतो! मालकांनी तो मला देऊन टाकला. रंग खरवडला, रंधा मारला, आणि इतक्या वर्षांनी तोच सागाचा वास आला. सरसाचा जोड उकलताना मात्र माझा हात थांबला. जोडाच्या आतल्या अंगाला, जिथे कोणाचेच डोळे जाणार नव्हते, तिथे शिसपेन्सिलीने त्याचे अक्षर होते: 'घासाईला 2 सूत.' ती फळी मी रंधली नाही. तोच भाग चौकटीच्या पाठीमागे राहील अशी बेतून घेतली.

आपल्या जिल्ह्यात गावोगाव देवळाबाहेर वीरगळ दिसतात. शेंदूर फासून फासून वीर ओळखू येत नाही, पण वरचे चंद्रसूर्य शाबूत असतात. मेळघाटातले कोरकू लोक तर आपल्या मृतांसाठी सागवानी फळी कोरून उभी करतात. तिला मुंडा म्हणतात. तिच्यावरही चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार. आमच्या गड्याने सायकलीखेरीज कशाला टांग मारली नव्हती, तेव्हा घोडा वगळला आणि वरच्या दोन कोपऱ्यांत चंद्रसूर्य तेवढे कोरले. चौदा संध्याकाळ गेल्या. सौभाग्यवती म्हणाली, "स्वतःच्या घरच्या खिडकीला आठ महिने बिजागरी नाही." खरेच होते ते.

सारे काम त्याच्याच हत्यारांनी करायचे, असा माझा हट्ट होता.

वसुबारसेला चौकट घेऊन पुलाच्या शिरोलीत त्यांच्या घरी गेलो. मुलाने फोटो आत ठेवला. फोटो हलला. एका बाजूला बोटभर नव्हे, पण डोळ्यांत खुपेल इतकी फट. फोटो बारा बाय पंधरा. मी मोजली तर खाच बारा इंच आणि वर एक सूत! क्षणभर काही सुचेना. मग पिशवीतून पट्टी काढली आणि माझ्या टेपशेजारी धरली. अक्षरे केव्हाच झिजलेली, पण पट्टी आमच्याच कामाची. फोटो टेपने मोजला होता आणि लाकूड त्याच्या पट्टीने आखले होते. चाळीस वर्षांच्या कारागिराने पोरासोरांची चूक केली होती.

"वहिनी, चुकले माझे. परवापर्यंत दुसरी करून आणतो."

झाले कसे, ते त्यांना सांगावे लागले. त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली.

"म्हंजे ह्यांच्या मापानं बरोबर हाय न्हवं?"

"त्याच्या मापाने अगदी बरोबर."

"मग ऱ्हाऊ द्या."

मुलगा आतून वहीचा पुठ्ठा घेऊन आला. "काका, कापून द्या." मी त्याची चिंचोळी पट्टी कापली आणि फटीत सरकवली. वहिनींनी चौकट उलटी करून मागच्या अक्षरावरून बोट फिरवले, मग मला म्हणाल्या, "बसा, चहा टाकते."