गोंगाटातला गोडवा

गोडवा आणि गोंगाट यांचे हाडवैर आहे, असे आपण धरूनच चालतो. गोड गाणे म्हणजे तंबोऱ्याचा सूर आणि मिटलेले डोळे. गोंगाट म्हणजे विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रस्ता! माझी ही समजूत एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेने मोडली. तिचे नाव 'सायकोकँडी'. स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडचे जिम आणि विल्यम रीड हे दोघे भाऊ. त्यांच्या 'द जीझस अँड मेरी चेन' या बँडने ती १९८५ च्या नोव्हेंबरात काढली. गाणी १४.

स्नेहसंमेलनात माइक स्पीकरसमोर गेला की कसा किंचाळतो, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा आत शिरतो. इलेक्ट्रिक गिटारचेही तसेच होते. एरवी ज्याला दोष म्हणून टाळतात, तेच किंचाळणे रीड बंधूंनी गाण्यांवर मुसळधार ओतले. आणि त्या पावसाखाली जिम गातो कसा? जवळजवळ पुटपुटत, हळुवार! चाली साध्या, गोड. 'जस्ट लाइक हनी' या पहिल्याच गाण्याचा ठेका 'रॉनेट्स' या मुलींच्या बँडच्या १९६३ मधल्या 'बी माय बेबी'वरून घेतलेला. बॉबी गिलेस्पी दोनच ड्रम घेऊन उभ्याने वाजवायचा. यातला गोंगाट काढला तर गाणी गुळचट होतील, आणि गोडवा काढला तर नुसता कलकलाट उरेल.

कॉट बेसिसच्या आमच्या खोलीत सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मला मात्र हा आवाज परका वाटला नाही. माझे घर इचलकरंजीचे. आबा यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. इतक्या वर्षांत आबांना कमी ऐकू येऊ लागले आहे, त्यामुळे घरीही ते ओरडूनच बोलतात. फोनवर त्यांचा आवाज खोलीभर घुमतो, "जेवलास काय रं?" मित्रांना वाटते, वडील रागावले! त्या आवाजातली माया ऐकायला कान तयार असावा लागतो.

रीड बंधूंची एक हकिकत मला फार लागली. वडिलांची कारखान्यातली नोकरी गेली. त्या वेळी जे पैसे हाती आले, त्यांतून त्यांनी मुलांना ३०० पौंड दिले. मुलांनी त्या पैशांत घरी ध्वनिमुद्रण करण्याचे छोटे यंत्र आणले आणि त्यावर आपली सुरुवातीची गाणी उतरवली.

वर्गात एका कवितेसाठी आपण तास घालवतो, मग एखाद्या कर्कश आवाजाला दहा मिनिटे द्यायला काय हरकत आहे? गाणे दुसऱ्यांदा ऐकताना चाल आपोआप वर येते.

३०० पौंड हातावर ठेवताना मुलांचे पुढे काय होणार, याची कसलीच हमी त्या बापाजवळ नव्हती. दिवाळीच्या बोनसमधून माझी फी भरताना, बी. ए. होऊन पुढे काय, हे आबांनीही अजून विचारलेले नाही. ते विचारत नाहीत म्हणूनच मला उत्तर शोधणे भाग आहे.