भित्र्यांच्या मुलखात

चंद्रपूर शहराचा परकोट एका भित्र्या कुत्र्याने आखून दिला, असे सांगितले तर पुण्या-मुंबईचा माणूस हसेल. पण चंद्रपुरात ही कथा मोठ्या अभिमानाने सांगतात. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा एकदा झरपट नदीच्या बाजूला शिकारीला गेला होता. झुडपातून एक ससा उठला. त्याच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. आता कुत्र्याने सशाच्या मागे धावावे ही जगाची रीत. इथे ससाच राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला! कुत्रा वाट फुटेल तिकडे धावतो आहे, ससा त्याच्या पाठीवर आहे, आणि राजा घोड्यावरून हे नवल पाहतो आहे. पुष्कळ अंतर धावल्यावर कुत्रा एकाएकी वळला आणि त्याने सशाला लोळवले. राजाने हे राणीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की, ज्या वाटेने हे दोघे धावले त्याच वाटेवर तट बांधा आणि आत नगर वसवा. जटपुरा दरवाजातून आत शिरताना ही दंतकथा आठवली की तो भक्कम दगडी तट क्षणभर हलका वाटू लागतो.

कथा सांगणारे सशाच्या शौर्याचे गुणगान करतात. मला मात्र या खेपेस त्या कुत्र्याचे कुतूहल अधिक होते. त्याला कारण असे की, नागपूरला आमच्या घरी एका भित्र्या कुत्रीचे प्रकरण चालू होते.

आमचे चिरंजीव दर रविवारी एका प्राणी-निवाऱ्यात मदतीला जातात. तिथे एक तांबूस रंगाची कुत्री दोन वर्षे पडून होती. नाव वाघी. नाव ठेवणाराच्या विनोदबुद्धीचे कौतुक करावे, कारण पेल्यावर चमचा वाजला तरी ही वाघी थरथर कापे. कुत्रा न्यायला कोणी कुटुंब आले की बाकीची सारी जाळीपाशी धावत, शेपट्या हलवीत, हात चाटीत. वाघी मात्र मागच्या भिंतीत तोंड खुपसून बसे. पाहुणे शेपूट हलवणाऱ्याला घेऊन जात आणि वाघी मागे राही. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात आपण जो अन्याय करतो तोच इथेही. चिरंजीवांनी हट्ट धरला, "बाबा, आपण तिला आणू या." सौभाग्यवती त्याच्या बाजूला. मी म्हटले, "आधी हेमलकशाला जाऊन येतो, मग बोलू." भ्यालेल्या जिवाला घर कसे द्यावे हे महाराष्ट्रात कुठे पाहायचेच असेल तर ते तिथे, असे माझ्या मनात होते.

चंद्रपूरहून निघालो. बल्लारपूरला कागदाच्या गिरणीचा ओळखीचा उग्र वास आला आणि गेला. गोंडपिपरी मागे पडली. आष्टीजवळ वैनगंगेचे रुंद पात्र ओलांडले आणि आम्ही गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. पुढे आलापल्ली. इथल्या सागाची कीर्ती मी काय सांगावी! जवळचे 'वनवैभव' हे जुन्या, न तोडलेल्या वृक्षांचे रान २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तिथे उभे राहून वर पाहताना टोपी पडते, ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

आलापल्लीपासून हेमलकसा साठेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना रान, मध्ये एखादे माडिया गाव, मोहाची झाडे, कुडाची घरे, आणि घरापुढे एक-दोन सडपातळ कुत्री. गाडी थांबली की ती भुंकत नाहीत; वीस हात मागे सरून उभी राहतात आणि आपल्याला न्याहाळतात. माडियांच्या पारधीत या कुत्र्यांचा वाटा मोठा. मी म्हटले, "फारच भित्री दिसतात!" आमचे चालकदादा आलापल्लीचेच. ते हसले. "भित्री नाई जी, शहाणी हायेत. इकडं बिबट पहिले कुत्रंच उचलते. भेत नाई ते कुत्रं जगत नाई." मी गप्प बसलो. भीती म्हणजे दुर्गुण, हा शहरातला समज आहे. रानात ती एक प्रकारची अक्कल आहे.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. पलीकडे छत्तीसगड. या संगमाच्या अलीकडे हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे हे दांपत्य इथे राहू लागले. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबांनी समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांना घर दिले होते. त्याच घराची ही रानातली शाखा म्हणा ना. पावसाळ्यात त्या काळी जगाशी संबंध तुटे. डॉक्टर आले, औषधे आली. पण रोगी येईनात. परका माणूस दिसला की माडिया मंडळी रानात निघून जात. त्यांच्या या भीतीला कारणे होती. अंगावर कपडे चढवून बाहेरून येणारा माणूस त्यांना आजवर भेटला तो बहुधा लुबाडायलाच आलेला होता. मग या दांपत्याने काय केले? माडिया भाषा शिकून घेतली. झाडाखाली दवाखाना मांडला आणि वाट पाहिली. मांत्रिकाने हात टेकलेला एखादा रोगी आला, बरा होऊन गेला, त्याने गावात सांगितले, दुसरा आला. आज दूरदूरच्या गावांतून माणसे या दवाखान्यात येतात. १९७६ साली शाळा निघाली आणि तिथली मुले पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. २००८ मध्ये प्रकाश-मंदाकिनी आमट्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या वाट पाहण्याला मिळाला, असे मी समजतो.

प्राण्यांची कथा याच वाट पाहण्यातून फुटली. एकदा रानात पारधी परतताना प्रकाशरावांना भेटले. मारलेली माकडीण त्यांच्या खांद्यावर होती आणि तिचे जिवंत पिलू अजून तिच्या छातीशी लुचत होते. प्रकाशरावांनी ते मागून घेतले. पोटासाठी मारणाऱ्याला उपदेश करून भागत नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी सांगितले की, पोरकी पिले खाऊ नका, मला आणून द्या, त्याबदल्यात धान्य देतो. पिले येऊ लागली. माकडे, हरणे, अस्वले, साळिंदरे, तरस, कोल्हे, बिबटे! दवाखान्याच्या अंगणात अनाथालय उभे राहिले. बिबट्यांना साखळीला धरून नदीवर फिरायला नेणारे प्रकाशराव वाचकांनी छायाचित्रांत पाहिले असतीलच.

तिथल्या कुंपणाबाहेर उभा असताना एक विचार मात्र मला सोडीना. इथला बिबट्या माणसाला भीत नाही, हे पाहून आपल्याला गहिवर येतो; पण त्याची भीती गेली म्हणूनच तो आता रानात परत जाऊ शकत नाही. शिकार आईने शिकवायची ती शिकवायची राहून गेली, आणि माणसापासून दूर राहण्याचा धडाही गेला. असा बिबट्या गावाजवळ आला तर एक तर तो कोणाला तरी मारील, नाही तर कोणी तरी त्याला मारील. म्हणून आमट्यांचे अंगण हेच त्याचे कायमचे घर. त्याला जीवदान मिळाले, पण रान अंतरले.

कुत्र्याचे नेमके उलट आहे. त्याला परत जायला रानच नाही! जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तीत माणसांच्या शेजारी कुत्रा पुरलेला आहे. निदान तेव्हापासून माणसाची वस्ती हेच कुत्र्याचे रान. तेव्हा माणसाला भिणारा कुत्रा म्हणजे पाण्याला भिणारा मासा. त्याची भीती घालवणे म्हणजे त्याला त्याच्या घरी पोचवणे होय.

ही भीती येते कुठून? पुष्कळांना वाटते, कोणी तरी मारले असेल. तसे असतेही, पण नेहमी नाही. १९६१ साली अमेरिकेत बार हार्बर येथील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यांची पिले कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात आईपाशी वाढवली आणि त्यांना माणसाचा सहवास होऊ दिला नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास ज्यांना माणूस भेटला ती सहज माणसाळली. १४ आठवडे ज्यांना माणूस भेटलाच नाही ती जवळजवळ रानटीच राहिली. त्यांना कोणी काठी उगारली नव्हती. फक्त योग्य वेळी कोणी हात फिरवला नव्हता. आपल्या शहरांतल्या गटारांत आणि बांधकामांवर जन्मलेली किती तरी पिले अशीच वाढतात. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचे, परत तिथेच न सोडण्याचे निर्देश दिले. त्यामुळे निवाऱ्यातल्या कुत्र्याचे पुढे काय, हा प्रश्न आता गावोगावचा झाला आहे.

नागपूरला परतल्यावर मी चिरंजीवांना म्हटले, "वाघीला घर मिळालेच पाहिजे. पण ते आपले घर नव्हे." आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, खाली रहदारीचा रस्ता, शेजारी लग्नाचे कार्यालय, दिवसातून वीस वेळा घंटा वाजणार. आपल्याला कुत्रा हवा आहे आणि कुत्र्याला आपण हवे आहोत, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. चिरंजीव दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनाच नाव सुचले. आमची मूलची आत्या!

मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातले भाताच्या मुलखातले गाव. आत्याचे वय सत्तरच्या पुढे. भिंतीचे बंदिस्त अंगण, घरात वर्दळ नाही, आणि मोत्या नावाचा दहा वर्षांचा शांत म्हातारा कुत्रा. भित्र्या कुत्र्याला माणसाच्या आधी कुत्र्याचा भरवसा वाटतो. मोत्या माणसाजवळ निवांत पडलेला दिसला की त्याला वाटते, इथे धोका नसावा. मी दूरध्वनी केला. आत्या म्हणाली, "घेऊन ये, बापू. राहिली तर राहिली."

जाताना वाघीच्या गळ्यात पट्टा आणि छातीभोवती दुसरा, दोन्हींना दोऱ्या. भ्यालेला जीव नव्या जागी पहिल्याच दिवशी पळून जातो आणि तिथल्या वाटा त्याला ठाऊक नसतात, असे निवाऱ्यातल्या मंडळींनी बजावले होते. त्यांनी आणखी सांगितले की, पहिले तीन दिवस ती नुसती लपेल, तीन आठवड्यांत घराचा रिवाज समजेल, तीन महिन्यांत घर आपले वाटेल; आणि अशा कुत्रीला याहून जास्त दिवस लागले तरी नवल मानू नका. डोळ्याला डोळा देऊ नका, डोक्यावरून हात नेऊ नका, कोपऱ्यातून ओढून काढू नका.

यातले काही आत्याला शिकवावे लागले नाही. ती सकाळी अंगणात वाघीकडे पाठ करून तांदूळ निवडीत बसे. बाजूला भाकरीचा तुकडा ठेवलेला. ना हाक, ना लाड. तुकडा रात्री नाहीसा होई. रात्री दोघांनाही घरात घ्यायची, कारण मूलच्या शिवेवर बिबट्याचे भय आहेच. बारा दिवस वाघी कोठीच्या फळीखाली राहिली. तेराव्या दिवशी मोत्याच्या मागोमाग अंगणात आली. पुढे महिनाभराने आत्याचा दूरध्वनी आला. "बापू, आज तिनं माझा पदर हुंगला." मी विचारले, "मग तू काय केलंस?" ती म्हणाली, "काही नाही. तांदूळ निवडले."

नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. तो कुत्रा साक्षात पांडुरंग होता म्हणून थांबला असेल. साध्या कुत्र्यासाठी वाटी ठेवावी आणि आपण दूर व्हावे. तुपाची ऊब त्याला कळते; पण मागे धावणाऱ्या पावलांचा हेतू त्याला कळत नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. या सणाच्या दिवसांत कुत्रा घरी आणू नये. तुळशीचे लग्न उरकून जरा शांत झाले की आणावा. आपल्याला ऐकू येत नाहीत असे किती तरी उंच पट्टीतले आवाज त्याला ऐकू येतात. आपला एक ॲटमबॉम्ब त्याला काय वाटत असेल? घरी आधीच असेल तर संध्याकाळी लवकर फिरवून आणावा, खिडक्या लावाव्यात, आणि पलंगाखाली जाऊन बसला तर बसू द्यावा. नेपाळात याच दिवसांत, नरक चतुर्दशीच्या सुमारास, कुत्र्यांना झेंडूच्या माळा घालून टिळा लावतात आणि गोडधोड खाऊ घालतात. एवढे आपल्याला नाही जमले तरी चालेल. आपल्या गल्लीतले कुत्रे जिथे लपून बसले असेल, तिथे यंदा फटाका लावू नये. आणि एखाद्या निवाऱ्यात जाणे झालेच, तर जाळीपाशी नाचणाऱ्यांना भेटून झाल्यावर, मागच्या भिंतीकडेही एकदा पाहावे.