जपाची वही

आमच्या मेजाच्या खणात लाल कापडी बांधणीची एक वही आहे. रोज सायंसंध्या आटोपली की त्या दिवशीच्या जपाची संख्या आम्ही तिच्यात मांडीत असू. आमचे सारे आयुष्य शाळेत मुलांच्या गुणांच्या बेरजा करण्यात गेले. तेव्हा परमेश्वराकडील आपले गुणही कोठेतरी टिपून ठेवावेत, असे आम्हास वाटले तर त्यात नवल नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललेली ही वही गेल्या मार्गशीर्षापासून मात्र कोरी आहे. ती कोरी राहण्यास एका ख्रिस्ती देवळातील प्रवचन कारण झाले, असे म्हटल्यास कित्येक वाचक चमकतील. म्हणून झाली हकीकत सविस्तर सांगतो.

सेवानिवृत्तीनंतर दक्षिणयात्रेस निघालो, तो तंजावरास मुक्काम केला. बृहदीश्वराच्या देवळातील भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहिला, सरस्वती महालातील पोथ्यांचे दर्शन घेतले. तेथेच एका वृद्ध तामीळ गृहस्थांशी परिचय झाला. तेही आमच्यासारखेच निवृत्त शिक्षक. धर्माने लूथरपंथी ख्रिस्ती. आम्ही महाराष्ट्रातून आलो हे कळताच ते इंग्रजीत म्हणाले, “मग आपल्या राजाच्या गुरूंचे स्मारक आपण पाहिलेच पाहिजे.”

हे गुरू म्हणजे जर्मन उपदेशक श्वार्ट्झ. लूथरपंथाचे पहिले उपदेशक १७०६ साली डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने जवळच्याच तरंगंबाडी बंदरी उतरले. श्वार्ट्झ १७५० साली आला. तुळजाराजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याची काळजी त्याच्यावर सोपविली. सरफोजीराजे पुढे विद्येचे मोठे आश्रयदाते झाले, पण कुलधर्म त्यांनी सोडला नाही. श्वार्ट्झ १७९८ साली वारला, तेव्हा राजांनी फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करविले. मृत्युशय्येवरील वृद्ध गुरू आणि त्याच्या उशाशी आलेला मराठा राजा, असे ते शिल्प पाहून आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो.

दुसरा दिवस रविवारचा होता. स्नेह्यांनी आपल्या देवळात प्रवचनास येण्याचा आग्रह केला. सोवळ्याओवळ्याचा विचार मनात आला नाही असे नाही; परंतु राजा ज्या गुरूच्या शय्येपाशी गेला, त्या गुरूच्या पंथाच्या देवळात प्रजेने जाण्यास हरकत नसावी, असे म्हणून गेलो. प्रवचन तामीळ भाषेत झाले. त्याचा आशय स्नेह्यांनी नंतर आपल्या ओसरीवर, कॉफीचा पेला हाती देऊन, आम्हास सांगितला.

विषय होता ख्रिस्ताने सांगितलेल्या एका दृष्टांताचा. दोन माणसे देवळात प्रार्थनेस जातात. एक धर्मनिष्ठ परूशी. तो आठवड्यातील आपले दोन उपास आणि दिलेला दशमांश देवापुढे मोजून दाखवितो व आपण इतरांसारखे पापी नाही म्हणून आभार मानतो. दुसरा लोकांनी तुच्छ लेखलेला जकातदार. तो दूर उभा राहून, मान खाली घालून, केवळ दया मागतो. आणि घरी जाताना देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरतो तो हा दुसरा. उपासांची संख्या ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे लाल वही उभी राहिली.

स्नेही म्हणाले, “मार्टिन लूथर आधी याच परूशाच्या जागी होता.” ते खरेच आहे. १५०५ साली एर्फुर्ट येथील मठात शिरल्यावर लूथरने उपास, जागरणे व पापनिवेदने यांची पराकाष्ठा केली. पण आपले केले पुरे झाले की नाही, ही धास्ती काही जाईना. पुढे विटेनबर्ग येथे बायबलाचे अध्यापन करताना पौलाच्या पत्रांच्या अभ्यासातून त्याचा निश्चय झाला की, ज्या नीतिमत्त्वाचे भय वाटते ते देव आपल्याकडून वसूल करीत नाही. तो ते ख्रिस्ताठायी फुकट देतो, आणि मनुष्याने केवळ विश्वासाने ते घ्यावयाचे असते. १५१७ सालचा पापक्षमेच्या पत्रांविरुद्धचा त्याचा उठाव सर्वश्रुत आहे. क्षमा विकत मिळत नाही, हे त्याचे मर्म.

येथे ‘विश्वास’ म्हणजे एखादे मत खरे मानणे नव्हे, तर स्वतःचा भार टाकून विसंबणे. आम्ही स्नेह्यांस म्हटले, “हा तर आमच्या श्रीवैष्णवांचा मार्जारन्याय झाला.” वानरीचे पिलू आपल्या बळाने आईस बिलगते, मांजरीचे पिलू मात्र काहीच करीत नाही; आईच त्यास तोंडात धरून नेते. कृपेविषयी वैष्णवांतील वडकलै व तेंकलै या दोन पंथांचा वाद याच दोन दृष्टांतांवरून चालत आला आहे. स्नेही तामीळच असल्याने त्यांस तो ठाऊक होता. ते हसून म्हणाले, “मांजरीपर्यंत आपण बरोबर आलात. पण पुढे ते पिलू काय करते, हे लूथरास अधिक महत्त्वाचे.”

मग त्यांनी जे सांगितले ते आम्हास अगदी नवे होते. देवाकडील हिशेब एकदा ख्रिस्ताने चुकविला, की माणसाचे हात मोकळे होतात. ते आता देवास काही देण्यात गुंतलेले नसतात; सारे कर्म शेजाऱ्याच्या वाट्यास येते. १५२० साली ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात लूथरने हेच प्रतिपादिले: विश्वासाने मनुष्य कोणाचाही दास नाही, आणि प्रीतीने तो सर्वांचा सेवक आहे.

म्हणूनच त्याच्या उपदेशात प्रपंच इतका भरून आहे. बाळाची दुपटी धुणारा बाप लोकांच्या हसण्याचा विषय होत असेल, पण विश्वासाने केलेल्या त्या कामावर देव प्रसन्न असतो, असे तो १५२२ साली विवाहावर लिहिताना म्हणतो. प्रार्थना कशी करावी असे त्याच्या न्हाव्याने, पेटरने, विचारले तेव्हा त्याने १५३५ साली त्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली. न्हाव्याचे चित्त जसे वस्तऱ्यावर असते तसे प्रार्थनेत असावे; एरवी नाक कापले जावयाचे! १५२९ सालची लहान प्रश्नोत्तरी तर कुटुंबप्रमुखाने घरच्या मंडळींस शिकवावी अशाच बेताने रचलेली आहे. तीत सकाळची प्रार्थना संपली की आनंदाने आपल्या कामास लागावे, असे सांगितले आहे.

लूथरचे स्वतःचे घरही एकत्र कुटुंबासारखेच होते. पूर्वीच्या मठातच तो पत्नी काथारीना व सहा अपत्यांसह राही. भाचे-पुतणे, विद्यार्थी, पाहुणे यांचा तेथे राबता असे. आणि बाग, गुरे, डुकरे, बिअर गाळणे व पैशांची ओढाताण हे सारे काथारीना सांभाळी. आजारपणामुळे देवळात जाणे होत नसे, तेव्हा लूथर घरच्या मंडळींपुढेच प्रवचन करी.

आम्ही म्हणालो, “म्हणजे हा गीतेचाच कर्मयोग. स्वकर्माने ईश्वराची पूजा.”

“जवळ आहे, पण तोच नव्हे,” ते म्हणाले. “आपल्याकडे कर्म ईश्वरास अर्पण होते व त्याने सिद्धी लाभते. लूथर म्हणतो, कर्म वर जातच नाही. देवास त्याची गरज नाही. गरज शेजाऱ्यास आहे.”

हे ऐकून आम्ही निरुत्तर झालो. वादात हरलो म्हणून नव्हे, एक जुनी गोष्ट आठवली म्हणून.

आमच्या मातुःश्री शेवटची चार वर्षे अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांचे न्हाणे, भरविणे, मलमूत्र काढणे, सारे आमच्या थोरल्या वहिनी करीत. आम्ही पहाटे उठून पूजेस बसत असू. एके सकाळी मातुःश्रींच्या खोलीतून लगबगीने जाताना वहिनींचा पदर पूजेच्या ताटास लागला. आम्ही कडाडलो, “वहिनी, अजून तुमचे स्नान व्हावयाचे आहे, एवढे तरी भान ठेवा!”

“चुकले, भावोजी. सासूबाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा नाही,” एवढेच बोलून त्या पुन्हा आत गेल्या. आम्ही फिरून स्नान केले. त्या दिवशीचा वहीतील आकडा नेहमीपेक्षा चार माळांनी मोठा आहे. त्या माळा वहिनींस दुखविल्याबद्दल नव्हत्या. पूजा विटाळल्याबद्दल होत्या. वहिनी आता हयात नाहीत. क्षमा मागावयाचे राहून गेले.

हे सारे आम्ही त्या परक्या गृहस्थांस सांगितले. शेवटी म्हणालो, “तेव्हा खरे पुण्य वहिनींनी जोडले.”

त्यांनी मान हलविली. “त्यांनी हिशेब ठेवला होता काय? नाही ना? मग आपण आता त्यांच्या नावाने वही का उघडता? त्यांना आपल्या सासूबाई दिसत होत्या, एवढे पुरे आहे. आणि आपण म्हणता ती क्षमा मागण्यास त्या जकातदाराची जागा अजून मोकळी आहे.”

लूथर निर्दोष होता असे आमचे म्हणणे नाही. १५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांविरुद्ध व १५४३ साली यहुद्यांविरुद्ध त्याने जे लिहिले ते कठोर व निंद्य होते. ज्याचे त्याचे काम ही देवाची योजना, या शिकवणीचा दुरुपयोग माणसास खालच्याच पायरीवर ठेवण्यास होऊ शकतो. तामीळ देशातील त्याच्या अनुयायांतही जातिभेद दीर्घकाळ टिकला. हे दुखणे आम्हा स्वधर्म सांगणाऱ्यांसही अपरिचित नाही.

आम्ही ख्रिस्ती झालो नाही, होणारही नाही. आणि तो विश्वास आमच्या ठायी उपजला, असे सांगण्याचे धाडसही आम्ही करीत नाही. पण परत आल्यापासून वहीत आकडा मांडवला नाही. थोरल्या बंधूंची दृष्टी अलीकडे गेली आहे. त्यांस हात धरून न्हाणीघरात नेणे, अंग पुसणे, ताटातील पदार्थ कोणत्या बाजूस आहे ते सांगणे, ही कामे आम्ही सुनांकडून आपल्याकडे घेतली. जप चालूच आहे. कधी मध्येच हाक येते, तेव्हा माळ ठेवून उठतो.

परवा बंधूंनी विचारले, “काय रे, आज जप किती झाला?”

“मोजला नाही, दादा,” आम्ही म्हणालो, आणि त्यांच्या हाती ताकाची वाटी दिली.