भोपाळ की भोपाल?

आपल्या सीमाभागात एका गावाला दोन नावं असणं ही काही नवलाई नाही. आपण विजापूर म्हणतो, सरकारी पाटीवर विजयपूर असतं. आपण हुबळी म्हणतो, पाटीवर हुब्बळ्ळी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारी कागदोपत्री बदलली, त्यात आपलं बेळगावही आलं. पण एस.टी.च्या कंडक्टरला यातलं कोणतंही नाव सांगा, तिकीट बरोबर फाडून मिळतं. तो माणूस आहे, त्याला दोन्ही नावं ठाऊक आहेत.

इंटरनेटवर शोधायला बसलं की मात्र हा कंडक्टर भेटत नाही. सर्च इंजिन आपण लिहिलेल्या अक्षरांवरून पानं धुंडाळतं. मोठ्या शहरांची, मोठ्या माणसांची दोन-तीन नावं त्याला आता कळू लागली आहेत. पण लहान गाव, लहान वस्ती, साधं माणूस म्हटलं की ते अजूनही अक्षरांवरच अडतं. मी कॉलेजात शिकवते. प्रोजेक्ट आला की मुलं पहिला सुचलेला शब्द टाइप करतात, वरची तीन पानं उघडतात आणि "मॅडम, इंटरनेटवर काही नाही" असं सांगत येतात. नसतं असं नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी नावाने बसलेलं असतं.

हे वर्गात सांगणं सोपं. आमच्या घरात मात्र गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत याच गोष्टीवर एका म्हातारीचा जीव अडकला होता.

माझ्या सासूबाईंचं माहेर गोकाकजवळचं, घरची बोली कन्नड. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, लग्न होऊन भोपाळला गेली, मराठी घरात. भोपाळला मराठी घर कसं, असं कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं. त्याआधी त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे सरकारी नोकरीतली कितीतरी मराठी कुटुंबं नागपूरहून भोपाळला गेली. मावशीचे सासरे त्यांतलेच एक. आधी सरकारी क्वार्टर, मग निवृत्तीनंतर शाहपुऱ्यात स्वतःचं घर. शाहपुरा म्हणजे भोपाळच्या दक्षिण भागातली वस्ती, तिथे त्याच नावाचा तलाव आहे. मावशीच्या पत्रात त्या तलावावरच्या संध्याकाळच्या वाऱ्याचं वर्णन ठरलेलं असे.

पत्रं पुढे कमी झाली. काका गेले, फोनचा नंबर लागेनासा झाला, आमचंही घर बदललं. वीस वर्षं गेली. सासूबाईंना आता ब्याऐंशी वर्षं झाली आहेत. गेल्या वर्षी आजारातून उठल्यावर त्या म्हणाल्या, "आता मला काही नको. एकदा तिचा आवाज ऐकव." बेळगावहून भोपाळला थेट गाडी आहे, वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस. पण पत्ताच नसला तर गाडीचा काय उपयोग? जुन्या पाकिटावर नुसतं आडनाव, शाहपुरा, भोपाळ आणि पिनकोड. घरनंबराच्या जागी शाई पसरलेली.

माझ्या मुलाने फोनवर इंग्रजीत शाहपुरा लिहिलं. पुढे राजस्थान आलं! भिलवाड्याकडचा शाहपुरा, तिथली फड चित्रं, जुनं संस्थान. मग जयपूरकडचा शाहपुरा. मग मध्य प्रदेशातलाच, पण दिंडोरी जिल्ह्यातला. स्पेलिंग थोडं बदललं तर ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका आणि यादगीर जिल्ह्यातलं शहापूर. आणि आपलं बेळगावचं शहापूर तर आहेच, एके काळी सांगली संस्थानात असलेलं, साड्यांसाठी नाव कमावलेलं. अज्जीला मुलगा म्हणाला, "अज्जी, इतके शाहपुरे आहेत, की मावशीआजी कुठल्याही एकात असेल."

इथे पहिली मदत केली ती पिनकोडने. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा आकड्यांची सोय आपण पाकिटावर लिहून विसरून जातो. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश चारने सुरू होतात, कर्नाटक पाचने, राजस्थान तीनने. बेळगावचे पिन ५९० ने सुरू होतात, भोपाळचे ४६२ ने. आकड्याला ना ऱ्हस्व-दीर्घ, ना मराठी-कन्नड. नावासोबत पिनकोड लिहिला की बाकीचे बहुतेक शाहपुरे आपोआप गळाले.

दुसरी युक्ती उणे चिन्हाची. नको असलेल्या शब्दाआधी, मध्ये जागा न सोडता, उणे चिन्ह द्यायचं. शाहपुरा लिहून पुढे उणे राजस्थान लिहिलं की राजस्थानचा उल्लेख असलेली पानं वगळली जातात. तिसरी युक्ती अवतरण चिन्हांची. दोन-तीन शब्द अवतरणात घातले की ते त्याच क्रमाने, एकत्र असलेलीच पानं येतात. चौथी, एकाच संस्थळात शोधण्याची. इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे संस्थळाचा पत्ता. सरकारी माहिती हवी असेल तर तिथे जीओव्ही डॉट इन लिहावं, म्हणजे जाहिरातींचा बाजार बाजूला राहतो. या युक्त्या गूगलवर चालतात, बिंगवर आणि डकडकगोवरही बऱ्याच अंशी चालतात.

ही तीन इंजिनं एकसारखीच का? नाही. मी एकच प्रश्न तिन्हींना घालून पाहते. नकाशा, दुकान, क्लास, दवाखाना शोधायचा तर गूगल उजवं, कारण त्याचा नकाशा भरलेला आहे. बिंग पानांचा क्रम वेगळा लावतं, त्यामुळे एकीकडे चौथ्या पानावर दडलेलं दुसरीकडे वर येतं. डकडकगो आपण काय शोधलं याची नोंद ठेवत नाही, म्हणून आजारपणाविषयी काही शोधायचं तर मला ते बरं वाटतं. पण त्याचे बरेचसे निकाल बिंगकडूनच येतात आणि याहूचंही तसंच. म्हणजे तीन ठिकाणी पाहिलं असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात एकाच विहिरीचं पाणी तीन घागरींतून आलेलं असतं.

एवढं सगळं करूनही मावशी काही सापडेना. मराठीत "भोपाळ" लिहून शोधलं की पुण्या-नागपूरच्या वर्तमानपत्रांतल्या भोपाळविषयीच्या बातम्या येत. भोपाळच्या माणसांनी आपल्या गल्लीविषयी लिहिलेलं काहीच नाही.

गाठ सुटली ती सासूबाईंमुळे. त्या शेजारी बसून पाहत होत्या. हिंदी बातमीचं एक पान उघडलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, यांनी भोपाळमधला ळ कुठे टाकला?" मी पाहिलं आणि खुर्चीत सरळ बसले. मराठीत ळ आहे, कन्नडमध्येही ळ आहे. आपल्या दोन्ही घरांत तो इतका रुळलेला, की रोजच्या हिंदीत ळ नाही हे आपल्या मनातही येत नाही. आपलं भोपाळ तिथे भोपाल होतं. काळे काले होतात, केळकर केलकर होतात. आणि मावशीच्या सासरच्या आडनावात ळ आहे!

भोपाळच्या हिंदी पानांवर मावशी ळ घेऊन बसलेली असणंच शक्य नव्हतं. ती ल घेऊन बसलेली होती.

मग आम्ही प्रश्नच बदलला. सर्च इंजिनला प्रश्न विचारायचा नसतो. ज्या पानावर उत्तर असेल, त्या पानावर कोणते शब्द असतील याचा अंदाज करायचा आणि ते शब्द द्यायचे. मावशी गाणं शिकवायची. मराठी माणूस "गायनाचे वर्ग" म्हणेल. पण भोपाळच्या वार्ताहराने काय लिहिलं असेल? "संगीत शिक्षिका". सन्मान झाला असेल तर "सम्मान", एक म जास्त. आम्ही हिंदी आडनाव, भोपाल, शाहपुरा आणि संगीत शिक्षिका असे शब्द दिले. पहिल्या इंजिनवर काही नाही. दुसऱ्यावर, खाली, एका स्थानिक हिंदी बातमीत चार ओळी: शाहपुऱ्यात विद्यार्थ्यांनी आपल्या वृद्ध शिक्षिकेचा सत्कार केला. नाव, आडनाव, ल सकट. ते नाव आणि वस्ती नकाशात टाकल्यावर संगीताचा एक लहानसा वर्ग दिसला. तो मावशीची सून चालवत होती.

फोन मीच लावला. आधी ओळख पटवली, नात्यातली दोन-तीन नावं सांगितली, आणि त्यांना विचारलं की आईंशी बोलणं त्यांना जमेल का. हेही मुद्दाम सांगते. कोणी सापडलं म्हणून लगेच नंबर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. वीस वर्षांत माणसांचं काय काय झालेलं असतं, आपल्याला ठाऊक नसतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मावशीला कमी ऐकू येतं. ती आधी हिंदीत "कौन?" म्हणाली. मी मराठीत सांगितलं, तेव्हा मराठीत आली. मग सासूबाईंनी फोन घेतला आणि विचारलं, "हेंग अदी?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशी कन्नडमध्ये बोलू लागली, अडखळत, जणू ट्रंकेच्या तळातलं लुगडं उलगडावं तशी. दोघी अर्धा तास बोलल्या. त्यातला निम्मा वेळ सारात गूळ किती घालावा यावर गेला.

आता काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, हल्ली प्रश्न विचारला की अस्खलित मराठीत उत्तर देणारी यंत्रं आली आहेत. मी तीही वापरते. एखादा कायदा सोपा करून घ्यायला, कन्नड उताऱ्याचा अर्थ लावायला ती कामाची आहेत. पण अशाच एका यंत्राला मी शाहपुऱ्याविषयी विचारलं, तर त्याने दोन शाहपुऱ्यांची माहिती एकत्र कालवून, मोठ्या आत्मविश्वासाने, एकच गाव उभं केलं. उत्तर मिळालं तरी मूळ पान उघडून पाहायची सवय सोडू नये. तसंच निकालांच्या अगदी वर "प्रायोजित" असं लिहिलेलं असेल, तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. बँकेचा किंवा गॅसचा मदत क्रमांक म्हणून खोटे नंबर पेरून लोकांना लुबाडल्याच्या घटना आपल्याकडे घडतात. नंबर घ्यायचा तो पासबुकावरून किंवा बिलावरून.

आणखी एक. जुन्या मराठी, हिंदी, कन्नड वर्तमानपत्रांची संस्थळं युनिकोड येण्याआधी आपापल्या वेगळ्या फॉन्टमध्ये असत. डोळ्यांना अक्षरं दिसत, पण सर्च इंजिनला ती कळत नसत. स्कॅन करून ठेवलेल्या पुष्कळ पुस्तकांचंही तसंच. तेव्हा "सापडलं नाही" याचा अर्थ "झालंच नाही" असा घेऊ नये. बंद पडलेलं संस्थळ हवं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा जुना पत्ता घालून पाहावा, २००१ पासून ती सोय सगळ्यांना खुली आहे. आणि नावं बदलण्याआधीचं काही शोधताना जुनं नाव द्यावं. भोपाळचंच हबीबगंज स्टेशन नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झालं. त्याआधीच्या बातम्या हबीबगंज याच नावाने मिळतील.

दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना कधी कधी वाटतं की आपली एकही भाषा धड नाही. त्यांना सांगा, की तुमच्याकडे शोधायच्या दोन किल्ल्या आहेत, शाळेतलं हिंदी-इंग्रजी धरलं तर चार. एकीने कुलूप उघडलं नाही तर दुसरी लावायची. आणि संगणकासमोर बसण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं. माहेरचं नाव, सासरचं नाव, त्या गावाला तेव्हा काय म्हणत, काका कोणत्या खात्यात होते, पाकिटावर पिनकोड काय होता, हे सगळं एका वहीत लिहून घ्यायचं. ही माहिती कुठल्याच सर्च इंजिनमध्ये नाही आणि ती सांगणारी माणसं फार दिवस थांबणार नाहीत. या रविवारी एवढं काम जरूर करा.