संगणकाची घरघर

आमच्या घरातील संगणक आवाज करतो, ही गोष्ट मला कित्येक वर्षे ठाऊकच नव्हती. रोजच्या सहवासाने माणसाचे कान मोठे उदार होतात. भिंतीवरचे घड्याळ, स्वयंपाकघरातील फ्रिज, छताचा पंखा ही सारी मंडळी अहोरात्र काही ना काही बोलत असतात; पण आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही आणि तीही रागावत नाहीत. मेजाखालची ती काळी पत्र्याची पेटी अशीच आठ वर्षे घरघरत होती. तिने माझे काही बिघडवले नाही, म्हणून मीही तिला कधी काही विचारले नाही. पण एके रात्री तिने माझ्या आईचे गाणे बिघडवले आणि आमचे भांडण सुरू झाले.

माझी आई आता पंचाहत्तर वर्षांची आहे. तिचे बालपण मावळातल्या एका खेड्यात गेले. पहाटे उठून जात्यावर दळण दळायचे आणि दळता दळता ओव्या म्हणायच्या, हा तेथील बायकांचा नित्यनेम होता. पुढे गाव सुटले, जाते सुटले. ओव्या मात्र आईच्या ओठांवर राहिल्या. परंतु अलीकडे तिचा आवाज क्षीण होऊ लागला. एखादी ओवी अर्ध्यावर आली, की ती थांबे आणि म्हणे, "पुढचं काही आठवत नाही रे." ते ऐकून माझ्या काळजात चर्र होई. या ओव्या कोठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. तिला त्या तिच्या आईकडून मिळाल्या होत्या आणि आमच्यापैकी कोणीही त्या शिकून घेतल्या नव्हत्या.

आधी मोबाइलवर प्रयत्न करून पाहिला. तो तोंडाजवळ धरला की आईला संकोच वाटे. दूर ठेवला की तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसे. शेवटी मी एक चांगला मायक्रोफोन आणला, तो संगणकाला जोडला आणि रात्री रस्ता शांत झाल्यावर आईला त्याच्यासमोर बसवले. ती चार ओव्या गायली. मग आम्ही सारे त्या ऐकू लागलो. पाहतो तो काय, आई जणू पिठाच्या गिरणीपलीकडे बसून गात होती!

"बाबा, यात आजीपेक्षा संगणकच जास्त गातोय," माझी मुलगी म्हणाली. ती सातवीत आहे. आम्ही सारे हसलो. नको असलेला आवाज गाळून टाकणारी साधने संगणकातच असतात, तीही तिने वापरून पाहिली. घरघर कमी झाली खरी. पण तिच्याबरोबर आईच्या शब्दांची हळुवार अखेरही पुसली गेली.

मी एक सोपी युक्ती काढली. त्या पेटीवर जुनी गोधडी पांघरली, ती लाकडी कपाटात ढकलली आणि दार लोटून घेतले. खोली शांत झाली. माझ्या हुशारीचे मलाच कौतुक वाटले. आई गाऊ लागली. पंधरा-वीस मिनिटांनी कपाटातून पुन्हा घरघर येऊ लागली आणि ती क्षणोक्षणी वाढत गेली. त्याच वेळी आईने आपल्या थोरल्या भावावरची एक ओवी घेतली. ती मी जन्मात ऐकली नव्हती. ओवी संपता संपता पडदा काळा झाला. संगणक आपोआप बंद पडला होता आणि त्या रात्रीचे सारे ध्वनिमुद्रण त्याच्याबरोबर नाहीसे झाले होते.

"आई, ती मामाची ओवी पुन्हा म्हण ना!" मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. पहिला शब्द आला. पुढे काही येईना. दुसऱ्या दिवशीही येईना.

संगणक दुरुस्त करणारे एक अनुभवी गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांनी पेटीचे झाकण उघडले. आत धुळीचा बोटभर थर साचला होता. माझ्या गोधडीची हकीकत ऐकून ते म्हणाले, "अहो, तापाने फणफणलेल्या माणसाला तुम्ही रजईत गुंडाळलंत! आवाज हा याचा रोग नाही. ताप हा रोग आहे."

मग त्यांनी आम्हांला त्या रोगाचे मूळ समजावून दिले. संगणकात जी वीज शिरते, तिची अखेर उष्णताच होते. ती बाहेर काढण्यासाठी आत पंखे असतात. उष्णता वाढली की पंखे अधिक वेगाने फिरतात आणि वेग वाढला की आवाज वाढतो. वाऱ्याची वाटच कोंडली, तर पंखे कितीही धावले तरी ताप उतरत नाही; आणि तो फार वाढला म्हणजे यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडते. मी आवाज झाकला होता. त्याचे कारण मात्र वाढवून ठेवले होते.

आता आम्ही कारणे शोधू लागलो. मुलीने कागदाची लांब सुरळी केली, तिचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे टोक पंख्यांना लागणार नाही अशा बेताने पेटीतून हळूहळू फिरवले. एक घरघर म्हणून जी ऐकू येत होती, तिच्यात पाच आवाज निघाले: प्रोसेसरवरचा लहान पंखा, पेटीच्या मागचा पंखा, वीजपुरवठ्याच्या डब्यातील पंखा, चित्रे दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा आणि हार्ड डिस्क.

उतावीळपणाने मी प्रथम सर्वांत स्वस्त वस्तू, म्हणजे मागचा पंखा, बदलला. काडीचाही फरक पडला नाही. त्याचे कारण ध्वनीच्या गणितात होते. ध्वनीची पातळी डेसिबेल या मापाने मोजतात. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ते नाव पडले आहे. या मापाची बेरीज-वजाबाकी आपल्या नेहमीच्या हिशेबाने चालत नाही. सारख्याच आवाजाच्या दोन पंख्यांपैकी एक बंद केला, तर पातळी फक्त ३ डेसिबेलने उतरते. आणि आवाज निम्मा झाला असे कानाला वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेलची घट लागते. मोठ्या आवाजाहून १० डेसिबेलने लहान असलेला आवाज तुम्ही पूर्ण बंद केला, तरी एकूण पातळी अर्ध्या डेसिबेलनेही उतरत नाही. म्हणून जो सर्वांत मोठ्याने ओरडतो, त्यालाच आधी गाठले पाहिजे. आमच्या पेटीत तो मान प्रोसेसरवरच्या लहान पंख्याचा होता.

दुकानातून मी नवा पंखा आणला, तेव्हा आई जवळच बसली होती. जुना पंखा ८० मिलिमीटरचा आणि नवा १२० मिलिमीटरचा. "मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज, नाही का?" मी शंका काढली.

आई हसली. "लहान जातं गरागरा फिरवावं लागतं रे," ती म्हणाली. "मोठं जातं सावकाश फिरतं आणि पीठ जास्त पडतं."

विज्ञानाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. पंख्याचा व्यास दीडपट झाला की त्याचे वर्तुळ सव्वादोनपट होते. त्यामुळे तेवढाच वारा ढकलण्यासाठी त्याला पुष्कळ कमी फेरे पुरतात. आणि वेग उतरल्याचा लाभ मोठा असतो. पंख्याची गती निम्मी केली, तर वारा निम्मा होतो. पण आवाज मात्र सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एक मोठा जुडगा होता आणि त्यातून तांब्याच्या नळ्या गेल्या होत्या. त्या नळ्यांत थोडासा द्रव असतो. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा द्रव बनते आणि जाता जाता उष्णता तेथे सोडून येते. पत्रे जितके विस्तृत, तितकी उष्णता सहज पसरते आणि पंख्याला धावपळ करावी लागत नाही.

पंख्याची कर्कश घरघर थांबली आणि तिच्याखाली दडलेला एक दबका घुमारा ऐकू येऊ लागला. ती हार्ड डिस्क होती. तिच्यातील तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत होती. तिचा स्वतःचा आवाज लहानच. पण तिची कंपने पत्र्याच्या पेटीत उतरत आणि सारी पेटी घुमू लागे. तंबोऱ्याची तार एकटी असली तर तिचा नाद कितीसा? भोपळ्यामुळे तो खोलीभर भरतो. आमच्या हार्ड डिस्कला पेटीचा भोपळा मिळाला होता! तिच्या जागी आम्ही एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. त्यामुळे आवाज येणार तरी कोठून? मागच्या पंख्याच्या स्क्रूंऐवजी रबराच्या खुंट्या लावल्या, म्हणजे त्याचीही कंपने पत्र्यात उतरेनात.

वीजपुरवठ्याचा डबा मी उघडू लागलो, तेव्हा त्या गृहस्थांनी माझा हात धरला. तार काढून ठेवली तरी त्या डब्यात काही काळ घातक विद्युतभार शिल्लक राहतो. म्हणून तो कधीही उघडू नये. त्याऐवजी आम्ही नवा डबा घेतला, पण तो पारखून. वीजपुरवठा ८० टक्के कार्यक्षम असेल, तर १०० वॉट वीज घेऊन तो ८० वॉट संगणकाला देतो आणि उरलेल्या २० वॉटची निव्वळ उष्णता होते. कार्यक्षमता जितकी अधिक, तितकी ही उधळपट्टी कमी. आमच्या नव्या डब्याचा पंखा हलके काम असताना मुळी फिरतच नाही.

ग्राफिक्स कार्ड तेवढे राहिले. त्यासाठी शांत पंखा कोणता घ्यावा, याचा मी विचार करीत होतो. मुलीने विचारले, "बाबा, हे आपल्याला लागतं तरी का?" खरोखरच लागत नव्हते. आमच्या साध्या कामापुरती चित्रे दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच होती. ते कार्ड काढून ठेवले. सर्वांत शांत भाग कोणता, तर जो पेटीत नाहीच तो!

त्या रात्री संगणक सुरू केला. आई थोडा वेळ वाट पाहत बसली आणि मग म्हणाली, "सुरू कर ना रे आता." तो सुरू झालेला आहे, हे तिला कळलेच नव्हते. आम्हांला मात्र भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मुलीने उठून ते घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले.

आजवर आईच्या तेवीस ओव्या नीट साठवून झाल्या आहेत. त्या ऐकताना तिच्या काकणांची किणकिण ऐकू येते आणि दोन ओळींच्या मध्ये तिने घेतलेला श्वासही ऐकू येतो. थोरल्या भावावरची ती ओवी मात्र अजून परत आलेली नाही. तिच्यासाठी मुलीने एक जागा राखून ठेवली आहे. तेथे आईने उच्चारलेला पहिला शब्द आहे आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही. त्या शांततेत कोणतेही यंत्र घरघरत नाही. आई आठवते आहे, एवढेच तेथे ऐकू येते.