माइल्ड, स्ट्राँग आणि चव

आमच्या तालुक्यात बिअरला दोनच विशेषणं आहेत. माइल्ड आणि स्ट्राँग. दुकानाच्या जाळीतून नोटा आत सरकवत माणूस एवढंच सांगतो, "दोन स्ट्राँग." चवीला कशी आहे, हा प्रश्न वीस वर्षांच्या पत्रकारितेत त्या काउंटरवर मी एकदाही ऐकलेला नाही. यात गिऱ्हाईकाचा दोष काय? नियमांनीच बिअरची विभागणी तशी केलीय. अल्कोहोल 5 टक्क्यांपर्यंत असलं की माइल्ड, त्यापुढे 8 पर्यंत स्ट्राँग. विषय संपला.

गेल्या महिन्यात पुण्यात एका वर्गमित्राकडे 'सिएरा नेवाडा पेल एल' ही अमेरिकन बिअर चाखायला मिळाली. तो कॅलिफोर्नियात असतो, सुट्टीला येताना दोन बाटल्या घेऊन आला होता. (माझ्याकडे परमिट आहे आणि एकविशीही केव्हाच मागे पडलीय, तेव्हा निश्चिंत असा.) मी लगेच ग्लास पुढे केला तर म्हणाला, "थांब की जरा. एवढी गार प्यायलास तर काही कळणार नाही." दहा मिनिटं थांबलो. रंग तांबूस, मधासारखा. घोट घेण्याआधी वास आला. पपनस सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो ना, तसा. त्याच्यामागे धुपातल्या राळेसारखं काहीतरी. जिभेवर आधी खरपूस बिस्किटाचा हलका गोडवा आणि गिळल्यावर मेथीच्या भाजीसारखा कडवटपणा, जो नकोसा होत नाही, उलट पुढचा घोट मागतो. बाटलीच्या तळाला थोडा गाळ होता. ते यीस्ट. ही बिअर बाटलीत भरल्यावर पुन्हा थोडी आंबते, त्यातूनच तिचा फेस येतो. एक ग्लास संपायला पाऊण तास लागला. अल्कोहोल 5.6 टक्के. म्हणजे आपल्या हिशेबानं ही 'स्ट्राँग'च की! पण त्या पाऊण तासात तो शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

आता मुद्द्यावर येतो. ही चव आली कुठून?

तो पपनसाचा वास 'कास्केड' नावाच्या हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी. कास्केड हे वाण ओरेगॉन राज्यात सरकारी कृषी संशोधनातून तयार झालं आणि 1972 मध्ये शेतकऱ्यांना मिळालं. आपल्याकडे कृषी विद्यापीठ ज्वारीचं नवं वाण काढतं, तसंच.

दुसरी गोष्ट कराची. 1976 मध्ये अमेरिकन संसदेनं छोट्या उत्पादकांचा कर कमी केला. पहिल्या 60 हजार बॅरलवर 9 डॉलरऐवजी 7 डॉलर. बॅरलमागे 2 डॉलर म्हणजे फार नाही, पण लहान माणसाला उभं राहायला तेवढा आधार पुरतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेत 1920 ते 1933 देशभर दारूबंदी होती. ती उठली तरी घरी बिअर बनवणं पुढे 45 वर्षं गुन्हाच राहिलं. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरच्यापुरती, न विकण्याच्या अटीवर, वर्षाला ठरावीक गॅलन बिअर करायला मुभा मिळाली. त्या काळात अख्ख्या देशात बिअरचे कारखाने शंभरसुद्धा नव्हते आणि बहुतेकांची बिअर सारखीच, फिकी. आज 9 हजारांच्या वर आहेत.

केन ग्रॉसमन हा त्या काळातला, घरी बिअर करून शिकलेला पोरगा. चिको नावाच्या, बदामाच्या बागांच्या मुलखातल्या छोट्या शहरात त्यानं एका साथीदाराबरोबर डेअरीची जुनी भांडी गोळा करून ब्रुअरी उभी केली. 1980 मध्ये पहिली बिअर काढली. पेल एलच्या सुरुवातीच्या कितीतरी खेपा मनासारख्या जमल्या नाहीत म्हणून त्यानं ओतून दिल्या. कर्जात असलेला माणूस माल ओतून देतो, कारण त्याला चव विकायची असते.

हे वाचताना मला आमच्या बातम्या आठवल्या. "अड्ड्यावर छापा, कच्चे रसायन नष्ट, अमुक रुपयांचा मुद्देमाल जप्त." हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की बोटं आपोआप टाइप करतात. त्या 'रसायना'त कधी गूळ असतो, कधी मोहाची फुलं. शेजारच्या गोव्यानं काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. आमचा मोह अजून मुद्देमालाच्या यादीतच जास्त भेटतो.

कुणी म्हणेल, पत्रकार दारूचा प्रचार करायला लागला. तसं नाही. 'आडवी बाटली'चं मतदान मी कव्हर केलंय. रणरणत्या उन्हात लेकरू कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाया पाहिल्यात. त्यांना चवीचं काही सांगायला जाण्याची माझी हिंमत नाही आणि दुकान बंद करण्याचा त्यांचा हक्क मला शंभर टक्के मान्य आहे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. मेलेली बहुतेक गरीब होती. कमी पैशात जास्त चढणारं हवं, या एकाच हिशेबावर चालणारा बाजार शेवटी तिथंच जातो.

मात्र आपली चर्चा बंदी आणि महसूल या दोनच टोकांना बांधलेली असते. चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी झाली, 2021 ला उठली. दोन्ही वेळा टीव्हीवर भांडण तेच, वाक्यं तीच. लोक काय पितात, किती सावकाश पितात, ते बनवतं कोण, लहान उत्पादकाला जागा आहे का, यावर कुणी बोलत नाही. बजेटात उत्पादन शुल्काचं उद्दिष्ट वाढतं, पालकमंत्री व्यसनमुक्तीच्या फेरीला झेंडा दाखवतात आणि दोन्ही बातम्या एकाच पानावर मीच लावतो.

त्या बाटलीतल्या वासामागे संशोधन होतं, लहानाला दिलेली करसवलत होती आणि नागरिकावर ठेवलेला थोडा विश्वास होता. तिन्ही कामं सरकारचीच. आपल्या सरकारकडे आपण दारूबद्दल यातलं काय कधी मागितलं? बघा, पटतंय का.