लुकलुकणाऱ्या रेघेपुढे

दिल्लीला लागून, हिंडन नदीच्या परिसरात, वजीर गाझीउद्दीनने १७४० मध्ये एक नगर वसवले आणि तिथे १२० खोल्यांची सराय बांधली. गाझीउद्दीननगर हे लांबलचक नाव पुढे आटोपून गाझियाबाद झाले. नंतर कारखाने आले आणि अलीकडच्या काळात नोएडाच्या शेजारी इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा अशा उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. देशाच्या सर्व प्रांतांतून नोकरीसाठी आलेली माणसे तिथे राहतात. लातूर-अकोल्याकडची मराठी मुलेही त्यांत असतात. मध्यरात्र उलटल्यावर एखाद्या खिडकीत दिवा दिसला, तर आत कोणीतरी शेकडो कोस दूर असलेल्या सर्व्हरची राखण करत बसलेला असण्याचा संभव असतो.

त्याच्यासमोरचा पडदा काळा असतो. त्यावर चित्र नाही, बटण नाही. फक्त एक छोटी रेघ लुकलुकत असते. ती जणू विचारते, ‘काय आज्ञा?’ संगणकाशी बोलण्याची ही जुनी रीत म्हणजे कमांड लाइन. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचे काम सुरू केले, तेव्हा आज्ञा टंकलेखन यंत्रासारख्या टेलीप्रिंटरवर द्याव्या लागत. तो सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी. म्हणून आज्ञा आखूड झाल्या: यादीसाठी ‘एलएस’, जागा बदलण्यासाठी ‘सीडी’. टेलीप्रिंटर गेले, पण आज्ञा राहिल्या. इंग्रजीची धास्ती घेतलेल्यांना हे ऐकून बरे वाटेल की, रोजच्या कामाला असे पंधरा-वीस शब्द पुरतात. व्याकरण मात्र कडक आहे. एक जागा सुटली किंवा एक रेघ चुकली, तर यंत्र समजून घेत नाही.

परीक्षेचा निकाल किंवा सातबाराचा उतारा आपण मोबाइलवर मागतो, तेव्हा ती मागणी ऐकून उत्तर देणारा एक प्रोग्राम कुठेतरी जागा असावा लागतो. तो जागा करायचा, म्हणजे त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन एक ओळ टंकायची. मग पडद्यावर पत्ता उमटतो: १२७.०.०.१ आणि पुढे ८००० किंवा ८०८० असा आकडा. पहिला भाग म्हणजे ‘हाच संगणक’, दुसरा म्हणजे पोर्ट. गाझीउद्दीनच्या सराईचे रूपक इथे चपखल बसते. सराय एक, खोल्या अनेक; कोणता प्रोग्राम कोणत्या खोलीत आहे, हे क्रमांकावरून कळते. जगासाठी उघडी असणारी संकेतस्थळे बहुधा ८० आणि ४४३ या क्रमांकांवर भेटतात. १०२४ च्या आतील खोल्यांसाठी सामान्यतः विशेष अधिकार लागतो. एखाद्या खोलीत जुना प्रोग्राम अजून मुक्कामाला असेल, तर नव्याला ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असे उत्तर मिळते. अशा वेळी नवशिका तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत राहतो. जाणता माणूस आधी आत कोण बसले आहे, ते पाहतो.

खरी कसोटी पुढेच आहे. रात्री सर्व्हर सुरू केला, पडद्यावर सगळे ठीक दिसले, म्हणून त्या मुलाने लॅपटॉप मिटला आणि तो झोपला. सकाळी निकाल लागणार आहे. गावोगावची मुले मोबाइल हातात धरून बसली आहेत आणि पान उघडतच नाही. यंत्र बिघडलेले नाही. दूरच्या संगणकाशी असलेला संपर्क तुटला, तेव्हा त्या प्रोग्रामला ‘हँगअप’ची सूचना मिळाली आणि तोही बंद झाला. हँगअप म्हणजे फोन ठेवणे. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडले जात, त्या काळाची ही खूण आहे. यावर ‘नोहप’ नावाची आज्ञा आहे. त्याहून पक्का उपाय म्हणजे तो प्रोग्राम संगणकाच्या कायम सेवांमध्ये नोंदवणे. मग वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला, तरी सेवा आपोआप उभी राहते. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनाही पहिला सर्व्हर बंद पडू नये याची काळजी होती. त्यांनी यंत्रावर लाल शाईने चिठ्ठी लिहून चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका.

बिघाड झालाच, तर लॉग वाचावा. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोणी काय मागितले आणि काय मिळाले, हे ती वेळेसह सांगते. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू इथे नाही. ५०० म्हणजे चूक देणाऱ्याच्या घरची आहे. घाबरलेला माणूस लॉग न वाचताच आज्ञा देऊ लागतो, आणि ‘आरएम’ या दोन अक्षरांनी पुसलेली फाइल कोणत्याही कचरापेटीत सापडत नाही. म्हणून सर्वाधिकारी ‘रूट’ म्हणून आत शिरण्याची हौस बरी नव्हे.

निकालाच्या दिवशी या मुलाचे नाव कुणाला कळत नाही. पान उघडते, गुण दिसतात, कोणी पेढे आणायला धावतो. काळ्या पडद्यावर लॉगच्या ओळी भराभर वर सरकत जातात: २००, २००, पुन्हा २००. सर्व्हरच्या भाषेत २०० म्हणजे ‘मागितले ते दिले’.